दोनदा पेरलेली तीज

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आधीच सांगतो, ठेवू नका. मानोऱ्याच्या बाजारात मी एकदा एका बोकडाला अख्खं पंचांग चारलं होतं, आणि त्यानं मान हलवून दाखवलेल्या दिवशीच पाऊस पडला होता. तेव्हाही लोक हसलेच. पण आमच्या तांड्यावर एका वर्षी श्रावण दोनदा आला आणि त्यातल्या दुसऱ्यानं अमेरिकेचं दार लोटून घेतलं, ही गोष्ट त्या बोकडापेक्षा पचायला जड आहे. कारण ती निम्मी खरी आहे.

लालसिंगदादा, माझा थोरला भाऊ, वारला तेव्हा त्याचा धाकटा पोरगा बबलू शिकागोजवळ घर घेऊन पक्का अमेरिकन झालेला होता. त्यानं आईला, म्हणजे माझ्या वयनीला, गोमतीबाईला, तिकडे नेलं आणि तिथं कायमचं राहायचं कार्ड काढून दिलं. ग्रीन कार्ड. वयनी ते सुपारीच्या चंचीत ठेवायची. अमेरिकेच्या सरकारी कागदाला काताचा वास लागलेला जगात तेवढा एकच नमुना असेल.

त्या कार्डाची एक अट असते. बाहेर जा, हरकत नाही, पण वर्षाच्या आत परत या. वर्ष ओलांडलं की ते कार्ड दारात चालत नाही. जास्त दिवस राहायचं असेल तर तिकडून निघायच्या आधीच परवानगीचा अर्ज टाकावा लागतो. वयनीनं तो टाकला नव्हता. ती नुसती तीज पाहून येते म्हणून निघाली होती. तीज म्हणजे आमच्या बंजाऱ्यांचा श्रावणातला सण. टोपल्यांत गहू पेरायचा, नऊ दिवस पाणी घालायचं, गाणी म्हणायची आणि गोकुळाष्टमी झाली की ती हिरवी रोपं पाण्यात सोडायची. वयनी आठ ऑगस्टला शिकागोहून निघाली. तीज झाली. मग दसरा झाला, दिवाळी झाली, होळी झाली, वयनी इथंच.

बबलू फोनवर विचारायचा. थोरला धरमसिंग, जो तांड्यावर राहून शेती बघतो, तो सांगायचा, "या तीजेले आली, म्होरच्या तीजेले धाडतो. वरीस पुरं झालं म्हणजे झालं ना?" बबलूलाही ते पटलं. त्यात त्याचीही चूक नाही. आमच्याकडे लेकराचं वय, सालदाराचं साल, सोयरिकीचा वायदा, सगळं सणापासून सणापर्यंत मोजतात. बबलू बारा वर्षांत एकदाही तीजेला आला नव्हता. त्याच्या डोक्यात तीज म्हणजे ऑगस्ट.

आणि त्या वर्षी अधिक महिना नेमका श्रावणाला लागला. धोंड्याचा श्रावण आधी, खरा श्रावण मागून. तीज महिनाभर पुढं सरकली. धरमसिंगनं वाशिमच्या एजंटाकडून तीजेनंतरचं, बारा सप्टेंबरचं तिकीट काढलं आणि मोठ्या अभिमानानं त्याचा फोटो बबलूला पाठवला. वर्ष उलटून दोन आठवडे होऊन गेले होते. बबलूनं तिकिटापर्यंतचे दिवस मोजले. चारशे.

फोन आला तेव्हा मी धरमसिंगच्या अंगणातच होतो.

"दादा, वर्ष किती दिवसाचं असते?" बबलू विचारत होता.

"तीज ते तीज."

"तीनशे पासष्ट दिवसाचं असते, दादा!"

"थे तुमच्याकडं असन," धरमसिंग म्हणाला.

कार्ड गेलं म्हणून वयनी काही तांड्यावर उपाशी राहणार नव्हती. अडकलं होतं ते सुकेशनीचं. ही वयनीची एकुलती एक लेक. दिग्रसला दिली होती, दोन वर्षांत सोडचिठ्ठी घेऊन आली, आता चौतीस वर्षांची आहे आणि आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी नर्स आहे. दर सहा महिन्यांनी तिची नेमणूक संपते आणि दर सहा महिन्यांनी ती कोणाच्या तरी दारात उभी राहते. ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्याला आपल्या बिनलग्नाच्या लेकराला बोलावता येतं, आणि सोडचिठ्ठी झालेली लेक त्यात बसते. वयनीनं तो अर्ज केला होता. तीन वर्षं सरली होती, अजून पाचेक लागणार होती. पण आईचं कार्ड मेलं की लेकीचा अर्ज मेला. सगळं एवढ्यावर होतं.

बबलूनं तिकडची एक वकीलबाई गाठली. तिनं सांगितलं, आता विमानात बसवूनच घेणार नाहीत. मुंबईच्या त्यांच्या कचेरीत परत येणाऱ्या रहिवाशाचा अर्ज करा. पण तिथं दाखवावं लागेल की बाई आपल्या मनानं राहिली नाही, तिच्या हाताबाहेरच्या कारणानं अडकली. कारण तयार ठेवा, रविवारी संध्याकाळी मी व्हिडिओवर स्वतः विचारीन.

म्हणून रविवारी दुपारी धरमसिंगच्या ओसरीवर सगळे जमले. कारण तयार करायला.

"आजारी दाखवू," धरमसिंग म्हणाला. "मानोऱ्यात डॉक्टर वळखीचा हाय. टायफाईड लिहून देईन."

"किती दिवसाचा टायफाईड?" सुकेशनीनं विचारलं. "वर्षभराचा?"

"मंग गुडघे लिहू."

"गुडघे कसे लिहिता?" त्याची बायको केसरी आतून म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते. "वैशाखातल्या लग्नात आत्याबाई नाचल्या थो व्हिडिओ म्या स्टेटसले ठेवला होता. बबलूभाऊच्या बायकोनं त्याले दिल टाकला."

"तुले सारं स्टेटसले काहून ठेवा लागते?"

"चांगल्या नाचून राह्यल्या होत्या म्हणून!"

वयनी खांबाला टेकून अंबाडीची भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माह्या नावानं आजार लिहू नका. लिहिला की लागते."

आता केसरीच्या मनात काय होतं ते मी सांगतो. मला कसं कळलं म्हणून विचारू नका. मी चाळीस वर्षं लोकांच्या मनात शिरून येतो आणि चपला बाहेर काढून जातो. केसरीला सासू जायला हवी होती. सासू आल्यापासून तिच्या चुलीवरचं मीठ दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. धरमसिंगला आई राहायला हवी होती, पण बबलूनं चूक त्याच्या माथी मारल्यापासून तो बाजू बदलून बसला होता. आता आईला अमेरिकेत पोचवल्याशिवाय त्याची इभ्रत परत येणार नव्हती. नवरा-बायको एका बाजूला आले होते, हे त्या घरात फार दिवसांनी घडत होतं. सुकेशनीच्या मनातही डोकावलो. तिथं कडी लावलेली होती.

"सोमलाकाकाले विचारा ना," केसरी म्हणाली. "खोटं त्यायले सुचते."

मी समोरच बसलेलो होतो. आयुष्यभर ज्यांनी मला खोटारडा म्हटलं, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या कामासाठी मान दिला. मी घट्ट दुधाचा चहा सांगितला आणि म्हटलं, "मले जरा इचार करू द्या."

विचार करायला मी मागच्या अंगाला गेलो. आता मी गोठ्याच्या पत्र्यावर का चढलो, तर एका घारीनं माझी टोपी पळवली होती आणि ती टोपी घालून तिथं बसली होती. घारीशी बोलणं चालू होतं, तेवढ्यात खाली वयनी म्हशीला वैरण टाकायला आली आणि तिच्या मागोमाग सुकेशनी.

"याडी," सुकेशनी म्हणाली. आमच्यात आईला याडी म्हणतात. "तुले मालूम होतं ना?"

"काय वं?"

"यंदा दोन श्रावण हायत म्हणून. पाडव्याले तांड्याच्या नायकाच्या घरी पंचांग वाचलं तवा तू तठीच बसली होती."

वयनीनं वैरण सोडली, पेंढीची दोरी गुंडाळली, खुंटीला अडकवली.

"होतं मालूम."

"दादाले काहून नाई सांगतलं?"

"त्यानं विचारलं नाई."

"अन् माहं?"

वयनीनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हैस खात राहिली.

"तठी तुले तरास हाय का?" सुकेशनीनं विचारलं. "बबलूची बायको बोलते का काही?"

"बोलते कोठी? थेच तर हाय. म्या म्हटलं भाजी खारट झाली, तर सॉरी म्हणते. म्या म्हटलं भाजी बरी झाली, तर थँक्यू म्हणते. तिच्यासंग भांडाव कसं? लेकरं चांगली हायत, थे कानात काही घालून बसतात. घरात आवाज फक्त भांडे धुवाच्या मशीनचा. अठी सकाळी केसरीसंग एक खटका उडाला की दिवस सुरू झाल्यासारखा वाटते."

सुकेशनी हसली. नंतर हसणं तिथंच राहिलं.

"तू म्हण," वयनी म्हणाली. "तू म्हटलं तर जाईन. पाच वर्षं बसीन खिडकीत. सहा म्हटलं तर सहा."

"सत्तरी पार करशीन तू."

"करीन."

सुकेशनीनं शेणाची पाटी उचलली आणि उकिरड्याकडे गेली. घारही उडाली. टोपी मला अजून मिळालेली नाही.

मला खरं कळलं होतं. खरं कळलेलं असलं की खोटं बसवायला सोपं जातं, कुठं किती शिवण सोडायची ते समजतं. मी ओसरीवर परत आलो, चहा घेतला आणि म्हटलं, "आजारबिजार सोडा. कागद तपासता येते. जे तपासता येत नाई थे सांगू. धरम."

"कोणता धरम?"

"तीज. गोमतीवयनीनं तीज पेरली. अन् तीज पेरलेल्या बाईले, रोपं पाण्यात सोडेपर्यंत तांड्याची शीव ओलांडता येत नाई."

"असं कोठी हाय?" धरमसिंग म्हणाला.

"आजपासून हाय. ऐक. पहिला श्रावण लागला, वयनीले वाटलं हाच श्रावण. तिनं पेरली. नायक म्हणाला, अवो बाई, हा धोंड्याचा महिना, यातली तीज चालत नाई. आता दुसऱ्या श्रावणात पुन्हा पेरा लागन. बाई मधातच अडकली. पहिली मोडली तर पाप, दुसरी पेरल्याबिगर सुटका नाई. सात ऑगस्टले तिचं वरीस भरलं, तवा ती दोन तीजेच्या मधात होती. तिच्या हातात काय होतं?"

तीज कुमारी पोरी पेरतात, आणि अधिक महिन्यात कोणीच पेरत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. वयनी चार लेकरांची आई, त्यातलं एक गेलं, तीन आहेत. पण शिकागोत ते कोणाला ठाऊक?

"काका," धरमसिंग हळूच म्हणाला, "तू वकील व्हाले पायजे होता."

"झाल्तो एकदा, यवतमाळले. जज मले भेला."

केसरीला गोष्ट इतकी आवडली की तिनं तिला फोडणी द्यायला घेतली. "म्या सांगीन, आत्याबाई टोपली डोकश्याशी घेऊन झोपत होत्या. वारुळाची माती म्याच आणून देल्ती. अन् रोज दोन वक्त पाणी."

"इतकं नको," मी म्हटलं. "गोष्ट पोटभर जेवली की चालत नाई तिले."

"म्या पेरली?" वयनीनं विचारलं.

"तू पेरली."

तिनं सुकेशनीकडे पाहिलं. सुकेशनी फोनला चार्जर लावत होती, पाठमोरी.

"मंग पेरली असन," वयनी म्हणाली आणि भाजीचे देठ सुपात एका बाजूला केले.

दिवेलागणीला फोन लागला. तिकडे सकाळ. पडद्याच्या एका चौकटीत बबलू, मागं पांढरी भिंत. दुसऱ्या चौकटीत वकीलबाई, पिकलेल्या केसांची, हातात कॉफीचा मोठा पेला. धरमसिंगनं फोन ज्वारीच्या पोत्याला टेकवून ठेवला आणि सगळे त्याच्यासमोर फोटो काढायला बसल्यासारखे बसले. धरमसिंगनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. केसरीनं डोक्यावर पदर घेतला होता, वकीलबाईसाठी.

"काका, तूच सांग," बबलू म्हणाला. "मी इंग्लिश करतो. पण हळू सांगजो. अन् तुह्या सवयीनं वाढवू नको."

मी सांगितलं. बबलूनं इंग्रजी केलं. माझी गोष्ट दुसऱ्या भाषेत जाताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. कुठं हसणं नाही, कुठं "अरे सोड" नाही. वकीलबाई कागदावर लिहून घेत होती. मधेच तिनं हात वर करून बबलूला थांबवलं आणि दोन श्रावण कसे येतात ते पुन्हा विचारलं. बबलूला सांगता येईना, म्हणून मी सांगितलं की चंद्र आणि सूर्य यांचा दर तीन वर्षांनी भाऊबंदकीचा तंटा होतो आणि एक महिना वाटणीत जास्तीचा निघतो. तेही तिनं लिहून घेतलं. इतका मान मला लालसिंगदादाच्या तेरवीलाही मिळाला नव्हता.

शेवटी ती बबलूशी बराच वेळ बोलली. बबलूचा चेहरा उजळत गेला.

"म्हणते, लय चांगलं कारण हाय," बबलू म्हणाला. "धर्माचं बंधन, माणसाच्या हातातलं नाई. असं तिनं वीस वर्षांत ऐकलं नाई म्हणते. आशा हाय म्हणते, याडी!"

धरमसिंगनं मांडीवर थाप मारली. केसरीनं सासूचा हात दाबला. वयनीनं तो दाबून घेतला. आनंदानं नाही आणि दुःखानंही नाही, बस थांबली की माणूस पिशवी उचलतं तसं तिचं तोंड होतं.

"फक्त एक कागद लागन," बबलू म्हणाला. "कोणी तरी डोळ्यानं पाह्यलेलं, शपथेवर लिहून देल्लं पायजे. शिकेल माणूस पायजे, सरकारी कामातला असला तर बरं. थे म्हणते सुकेशनीनं द्यावं. सुकी, पुढं ये जराशी. थे तुलेच विचारते."

सुकेशनी पुढं सरकली. वकीलबाईनं पेला खाली ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं. इंग्रजी मला येत नाही, पण त्या प्रश्नातलं 'मदर' कळलं, 'जुलाय' कळलं, आणि बोटांनी पेरल्याची खूण तिनं केली तीही कळली. आईला टोपलीत पेरताना तू स्वतः पाहिलंस का?

"यस म्हण," केसरी पदराआडून पुटपुटली. "यस म्हण ना वं."

धरमसिंग मान हलवत होता, जणू त्याच्या मानेनं तिची मान हलणार होती. बबलू पडद्यात तोंड उघडून थांबला होता. नेट अडकलं की तो थांबला, सांगता येईना. वयनी लेकीकडे बघत नव्हती. ती पोत्याच्या शिवणीकडे बघत होती. माझ्या गोष्टींचा शेवट मी कधी दुसऱ्याच्या तोंडात ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला होता आणि माझे हात रिकामे होते.

सुकेशनीला इंग्रजी येतं हे घरात कोणी धरतच नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकातलं येतं, तेवढंच, सगळे म्हणायचे. ती फोनच्या अगदी जवळ गेली. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

"नो, मॅडम," ती म्हणाली.

मग ती सावकाश, न अडखळता, आठ-दहा वाक्यं बोलली. त्यात 'अंकल' होतं. त्यात 'मदर' तीनदा आलं. वकीलबाईची लेखणी कागदावर टेकलेलीच राहिली. बबलूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"सुकी, येडी झाली का तू?" तो ओरडला. "तुह्या अर्जाचं काय? तीन वर्षं पाण्यात घालून राह्यली तू! पुन्हा नाई येणार हे!"

"मले मालूम हाय," सुकेशनी म्हणाली.

धरमसिंग माझ्याकडे बघू लागला, केसरी वकीलबाईकडे, वकीलबाई कोणाकडेच नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बबलूला दोन शब्द म्हणून तिची चौकट काळी झाली. बबलू एकटा उरला. त्यानं फोन बंदही केला नाही.

वयनीनं सूप बाजूला सारलं. ती लेकीजवळ सरकून बसली, ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "काय सांगतलं वं तू तिले एवढं?"

"खरं सांगतलं," सुकेशनी म्हणाली. "सोमलाकाका खोटं बोलून राह्यला म्हटलं. तू भुलली नाई, कोठी अडकलीही नाई. तुले राह्यचं होतं म्हणून तू राह्यली."